मग शिक्षा झाली का?

सिनेमाचं परीक्षण शुक्रवारी-शनिवारी छापून येतं. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या बायकांचं परीक्षण सोमवारी सकाळी लेडीज डब्यात होतं, विठ्ठलवाडी ते डोंबिवलीच्या दरम्यान. त्यात तारे नसतात, छायाचित्रणाचा उल्लेख नसतो, दिग्दर्शकाचं नाव तर बहुतेकींना ठाऊकच नसतं. पण डोंबिवलीला गर्दी आत घुसून बोलायची सोय संपेपर्यंत निकाल लागलेला असतो. बदलापूर ते सीएसटी हे ६८ किलोमीटर मी निवृत्त होईपर्यंत केले. प्रेमकथेवरून या डब्यात भांडण झालेलं मला आठवत नाही. भांडणं व्हायची ती काळोख्या सिनेमांवरून: ज्यात खून आहे, खुन्याच्या डोक्यात काय चाललंय ते दाखवलं आहे, आणि शेवटी आपण कुणाच्या बाजूने होतो हेच सांगता येत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही एकाच रुळावरची तीन गावं. असल्या सिनेमांवर ती काय बोलत आली, हे मी सासूबाईंकडून, शेजारपाजारातून आणि डब्यातून गोळा केलं आहे.

सुरुवात अंबरनाथहून करावी लागते. सासरे तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते आणि घर तेव्हा क्वार्टर्समध्ये. शिलाहारांनी १०६० साली बांधलेल्या शिवमंदिराचं गाव तोवर कारखान्यांचं झालेलं होतं. दारूगोळ्याचा कारखाना, ‘विमको’ची काडेपेट्यांची फॅक्टरी, रसायनांचे कारखाने. घड्याळ भोंग्याचं आणि करमणूक गणपतीची. गणेशोत्सवात मैदानात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत. पुढे सतरंज्यांवर पुरुष आणि पोरं, पडद्याच्या मागे बायका. पाटी उलटी वाचावी लागे आणि नायकाचा भांग भलत्याच बाजूला दिसे. सासूबाईंनी ‘पाठलाग’ असा पाठीमागून पाहिला.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. काशिनाथ घाणेकर आणि भावना त्यात होते. वकिलाची बायको वारते. पुढे पोलिसांच्या हाती एक बाई लागते, ती हुबेहूब त्या बायकोसारखी दिसते आणि कोर्टात उभी राहून मीच तुझी बायको म्हणते. दोन वर्षांनी राज खोसला यांनी यावरूनच ‘मेरा साया’ काढला. साधनाचा तो सिनेमा देशभर चालला, पण सासूबाईंच्या लेखी तो नक्कलच राहिला.

त्या मैदानी खेळात प्रोजेक्टर एकच असे. रीळ संपलं की दिवा लागे, दुसरं रीळ चढेपर्यंत पाच-सात मिनिटं जात, आणि तेवढ्या वेळात मतं बनत. ‘ती खरीच बायको आहे’ म्हणणाऱ्या आणि ‘चोरटी आहे’ म्हणणाऱ्या अशा दोन फळ्या पडद्यामागे तयार झाल्या होत्या. पुढच्या रिळात एखादा पुरावा निघाला की फळी सोडून पलीकडे जाणाऱ्याही होत्या. थिएटरात सलग सिनेमा पाहणाऱ्याला जे सुख मिळत नाही ते या बायकांना मिळालं. कथा अर्ध्यावर असतानाच शेजारणीशी वाद घालायचा, आणि तोही नवरे ऐकू शकणार नाहीत इतक्या अंतरावर. आमच्या भागात रहस्यपट मोठ्याने बोलत पाहायची सवय या रिळांच्या मधल्या वेळात लागली, असं माझं मत आहे. पुढे व्हीसीआर आला तेव्हा रीळ बदलावं लागत नव्हतं, तरी लोक बटण दाबून थांबवत आणि आधी भांडून घेत.

सासूबाईंचा मात्र एकच प्रश्न असे. कुठलाही सिनेमा कुणी सांगायला घेतला की खुनी कोण, हे त्या विचारत नसत. “मग शिक्षा झाली का?” एवढंच विचारत. ‘पाठलाग’मध्ये खरंखोटं कोर्टात होतं, म्हणून तो त्यांना पटला. वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ साली आला. आशा काळे यांच्या त्या भेदरलेल्या मुलीची गोष्ट लोक दबक्या आवाजात सांगत. सासूबाई मात्र त्यातली गाणी तेवढी घ्यायच्या. मनाचा आजार ही गोष्ट त्यांना गुन्ह्याच्या हिशेबात बसवता येत नव्हती. “आजारी असेल तर औषध द्या, गुन्हेगार असेल तर आत टाका. मधलं काय ते मला सांगू नका.” काळोखा मानसपट नेमका या ‘मधल्या’ जागेतच घडतो, आणि तीच जागा त्यांना नको होती.

मला ती जागा हवीशी वाटायची, त्याला कारण होतं. माझं माहेर पुण्याचं. जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा मी शाळकरी होते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचा गळा आवळून जीव घेतला गेला. दिवेलागणीला रस्ते ओस पडत. दार उघडण्याआधी आई खिडकीतून तीनदा नाव विचारी, आणि बाहेर उभे वडील तीनदा सांगत. पुढे कळलं की खुनी म्हणजे टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातली चार मुलं. चित्रकला शिकणारी. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. शिक्षा झाली, पण आईचं खिडकीतून विचारणं काही थांबलं नाही.

मी लग्न होऊन बदलापूरला आले आणि त्याच सुमारास, १९८६ साली, राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ आला. नाना पाटेकरांची भूमिका त्या टोळीच्या म्होरक्यावर बेतलेली. आम्ही तो भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला. चाळीत वर्गणी काढून रात्रभराचे तीन सिनेमे आणत: आधी देवाधर्माचा, मग मारामारीचा आणि पोरं झोपली की असला. सासूबाई संपेपर्यंत बसल्या आणि म्हणाल्या, “फाशी झालीय ना त्यांना? मग सिनेमा कशाला?” मला तर फाशीनंतरच सिनेमा हवा होता. चित्र काढणाऱ्या हातांनी गळे का आवळले, हे कोर्टाच्या निकालपत्राने माझ्या पोटातून काढलं नव्हतं. एका घरातल्या या दोन प्रेक्षक. एकीला निकाल हवा, दुसरीला कारण. पुढे डब्यात मी जी जी भांडणं ऐकली, ती सगळी याच दोन टोकांमधली होती.

उल्हासनगरचं गणित तिसरंच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर जवळपास लाखभर सिंधी निर्वासितांना त्या बराकींमध्ये आणून बसवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. पत्ता मात्र आजही कॅम्प एक, कॅम्प चार असाच सांगतात. या गावाला सिनेमाचं वेड इतकं की कॅम्प चारमध्ये व्हीनस चौक, श्रीराम चौक ही नावं टॉकीजमुळे रुळली. अंबरनाथ-बदलापूरची माणसं कापडाला, फर्निचरला आणि सिनेमाला इथेच यायची. ‘अशोक-अनिल’ला खेळ, बाहेर दाल-पकवान आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून क्लायमॅक्सला दाराशी उभे असलेले बदलापूरवाले, हे चित्र माझ्या पिढीने पाहिलेलं आहे.

नोव्हेंबर १९९३ मध्ये ‘बाजीगर’ लागला. त्या वर्षाची सुरुवात मुंबईत दंगलींनी झाली होती, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. लोकल पकडताना बाकाखाली वाकून बघायची सवय तेव्हा नवी होती. आणि पडद्यावर नायकच खुनी. लग्न नोंदवायला म्हणून आणलेल्या मुलीला तो इमारतीच्या गच्चीवरून ढकलतो. त्या प्रसंगाला थिएटर गार झालं. पण बापाचा आणि बहिणीचा सूड म्हणून तो हे करतोय असं कळलं, तशी शेवटाकडे शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या. सोमवारी डब्यात बहुमत स्पष्ट होतं: मुलीला मारलं ते चूक, तिच्या बापाला मारलं ते बरोबर. एकाच माणसाचे दोन खून असे वेगळे तोलून झाले, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

त्या आठवड्यात मी कॅम्प दोनच्या गजानन मार्केटमध्ये ब्लाउजपीस घ्यायला गेले होते. ओळखीच्या दुकानातल्या सिंधी आंटींनी लेकासोबत ‘बाजीगर’ पाहिला होता. मी विचारलं, कसा वाटला? कापड फाडता फाडता म्हणाल्या, “गाना अच्छा है. लेकिन बेटा, हम बदला लेने बैठते, तो दुकान कौन खोलता?” या बाई लहानपणी सिंधमधलं घर मागे टाकून बराकीत आलेल्या. सूड घ्यायला त्यांच्याकडे कारण होतं आणि नावंही असतील. त्यांच्या पिढीने पापड लाटले, गाडीत गोळ्या विकल्या, शिवणयंत्रं लावली. मालावर ‘मेड इन यूएसए’ छापून ते उल्हासनगर सिंधी असोसिएशन आहे असं हसत सांगणारं गाव उभं केलं. ‘बाजीगर’वर त्या वर्षी पुष्कळ छापून आलं. मला लक्षात राहिलं ते हे कापडाच्या दुकानातलं परीक्षण.

बदलापूरकडे मतं द्यायला माणसंच उशिरा आली. रेल्वे १८५६ पासून होती, पण आमच्या लग्नाच्या वेळी स्टेशनच्या बाहेर भातशेती लागायची. घरं स्वस्त म्हणून परळ-लालबागहून, गिरण्या बंद पडल्यावर, डोंबिवली-ठाण्यातून माणसं सरकत सरकत इथवर आली. २००१ मध्ये लाखाच्या आत असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत १ लाख ७४ हजारांवर गेली. त्यानंतर या गावाच्या नावाचा सिनेमा आला.

२० फेब्रुवारी २०१५ च्या शुक्रवारी श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ लागला. शिवकाळात इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं आमच्याकडे सांगतात. मुंबईच्या लोकांनी त्यात ‘बदला’ शोधला म्हणून डब्यात आधीच हशा होता. आमचा ग्रुप रविवारी कल्याणच्या मल्टिप्लेक्सला गेला. ‘ए’ प्रमाणपत्र, त्यामुळे पोरंबाळं घरी. सुरुवात चुकवू नका, असं जाहिरातीतच बजावलेलं होतं. १९६० साली ‘सायको’च्या वेळी हिचकॉकने खेळ सुरू झाल्यावर कुणाला आत सोडू नका असा दंडक घातला होता. पण आमच्या मार्गावर सिनेमाची सुरुवात मध्य रेल्वे ठरवते. आमच्यातल्या दोघी त्या दिवशीही उशिरा आल्या.

त्यांनी काय चुकवलं? पुण्यातला एक साधा रस्ता. बँक, दुकानं, ये-जा. कॅमेरा जागचा हलत नाही. मग बँकेतून दरोडेखोर धावत येतात, मुलाला घेऊन निघालेल्या एका आईची गाडी पळवतात आणि काही मिनिटांत आई आणि मूल दोन्ही जातात. नवरा रघू, म्हणजे वरुण धवन. पकडला जातो तो लायक, म्हणजे नवाझुद्दीन सिद्दीकी. त्याला वीस वर्षांची शिक्षा होते. सासूबाई असत्या तर त्यांचा सिनेमा इथे संपला असता. राघवनचा इथून सुरू होतो. रघू पुणं सोडून बदलापूरला येतो, कारखान्यात नोकरी धरतो, एकटा राहतो आणि पंधरा वर्षं वाट बघतो. लायकला कर्करोग होतो आणि तो सुटतो.

दिग्दर्शकही पुण्याचाच, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. मुंबईच्या फुटपाथवर झोपलेल्यांना मारणाऱ्या रमण राघववर रघुवीर यादवांना घेऊन त्याने आधीच एक चित्रपट केलेला, तो व्हिडिओवर फिरला. ‘बदलापूर’ची मूळ गोष्ट मात्र इटलीची, मास्सिमो कार्लोत्तो या लेखकाची. हा कार्लोत्तो स्वतः तरुणपणी खुनाच्या आरोपात अडकला, दोषी ठरला, परदेशात पळाला, परत आला, आणि १९९३ मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. सूड घेणाऱ्याइतकंच कैद्याचं मन या गोष्टीत का दिसतं, ते यावरून उमगतं.

सोमवारचा डबा गाजला. पहिली तक्रार गावाची. “आमच्या बदलापुरात एकटा राहतो म्हणे! त्याला सात-बाराच्या गाडीला उभा करा, बघू कसा एकटा राहतो.” आपलं स्टेशन, आपली गर्दी शोधायला गेलेल्या बायकांना पडद्यावर भलतंच शांत गाव सापडलं होतं. मीही पुण्याहून बदलापूरला आले, रघूसारखीच. पण शांतता तेवढी माझ्या वाट्याला आली नाही.

दुसरी तक्रार जास्त खोल होती आणि ती छापील परीक्षणांत मला इतकी स्पष्ट कुठे दिसली नाही. रघूचा राग लायकवर आणि त्याच्या साथीदारावर. पण तो उतरतो कुणावर? लायकची प्रेयसी झिमली, म्हणजे हुमा कुरेशी, तिच्यावर तो जबरदस्ती करतो. राधिका आपटेची कांचन, साथीदाराची बायको, तिला तो आधी नवरा घरात असताना अपमानित करतो आणि मग हातोडीने मारतो. तिने काय केलं होतं? आमच्यातली एक, एरवी अबोल, मटार सोलता सोलता म्हणाली, “बायकोचा सूड घ्यायला निघाला आणि दुसऱ्यांच्या बायका मारल्या. हा कसला नवरा?” त्यावर चौथ्या सीटवर टेकलेली कर्जतची एक अनोळखी बाई तावातावाने बोलली: ज्याचं मूल गेलं त्याला तुम्ही काय विचारता? डोंबिवली आली तरी दोघी थांबल्या नाहीत.

तिसरं मत बोलायला सगळ्याच कचरत होत्या. लायकची दया आली. खोटारडा, छचोर, खुनी. पण मरायला टेकल्यावर रघूने केलेले खून तो स्वतःच्या नावावर घेतो आणि तुरुंगात मरतो. रघू मोकळा. झिमली येऊन त्याला सांगते की लायकने तुला दुसरी संधी दिली आहे. जो निरपराध होता तो खुनी होऊन उरला, आणि खुनी काहीतरी चांगलं करून गेला. “पैसे फुकट गेले,” असं निम्म्या डब्याचं मत होतं. ते सिनेमा वाईट होता म्हणून नव्हतं. सूड पाहायला गेलेल्या माणसाला सूड पुरेपूर दाखवला आणि मग त्याचं समाधान काढून घेतलं, म्हणून होतं.

त्याच वर्षी जुलैअखेर निशिकांत कामत यांचा हिंदी ‘दृश्यम’ आला. तिथे एकमत. प्रेत पुरणारा, पोलिसांना फसवणारा विजय साळगावकर सगळ्यांना आपला वाटला, कारण त्याने घर वाचवलं. कितीतरी दिवस उशिरा आलेल्या प्रत्येकीला “दोन ऑक्टोबरला कुठे होतीस?” असं विचारलं जाई. दोन्ही सिनेमांत साधा माणूस गुन्हा करतो. ‘दृश्यम’ आपल्याला त्याच्या बाजूने बसवून घरी पाठवतो, ‘बदलापूर’ बाजू घ्यायला लावतो आणि मग किंमत विचारतो. ‘दृश्यम’ आवडणं सोपं होतं.

मग २०२४ चा ऑगस्ट आला. बदलापुरातल्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. दिवसभर गाड्या बंद. फाशी द्या, आत्ताच द्या, अशा घोषणा. त्या गर्दीत आमच्यातल्याही होत्या आणि त्यांचा संताप खोटा नव्हता. पोलिसांनी सुरुवातीला दाद दिली नाही, हा राग त्यामागे होता. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. फटाके वाजले. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. नऊ वर्षांपूर्वी सिनेमाच्या नावावर आम्ही केलेला विनोद कुणीतरी गंभीरपणे छापला होता. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला; त्यात पाच पोलिसांवर ठपका होता. ती बातमी मी आमच्या ग्रुपवर टाकली. उत्तरं मोजकीच आली.

२०१५ मध्ये मटार सोलताना ‘हा कसला नवरा’ म्हणणारी मैत्रीण सप्टेंबरात पेढे घेऊन आली होती. मी तिला त्या सोमवारची आठवण दिली. ती चिडली नाही. म्हणाली, “सिनेमात तो नंतर कसा पोखरून गेला ते दाखवलं, म्हणून मला कळलं. इथे कोण दाखवणार?” तिच्या या बोलण्यात काळोख्या सिनेमांचं काम काय, ते सगळं आलं. बातमी गोळीपाशी थांबते, फलक त्याच्याही आधी थांबतो. सासूबाईंचा प्रश्न शिक्षेपाशी संपायचा, कारण शिक्षा कोर्ट देतं यावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास पातळ झाला की लोक शिक्षा झाली का एवढंच विचारतात. कुणी दिली आणि देणाऱ्याचं पुढे काय झालं, ते विचारायचं राहून जातं. ते विचारायला सुडाच्या पुढचा अर्धा तास दाखवणारा कुणीतरी लागतो.

आता आम्ही सगळ्या निवृत्त. डबा सुटला, भिशी राहिली आहे. पुढच्या भिशीला माझ्या घरी ‘बदलापूर’ पुन्हा लावायचं ठरलं आहे. उशिरा येणाऱ्या दोघींना अर्धा तास आधीची वेळ सांगितली आहे. कुणाचं मत बदलेल, कुणाचं नाही. लायकच्या कबुलीपाशी मात्र कुणी चहा टाकायला उठायचं नाही, एवढी अट मी घातली आहे.